वही वाजत नाही

आज भेंडीचीच नोंद आहे, पण किडीची नाही, तारखांची.

आमच्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात एक गोष्ट घरोघरी दिसते. एक भाऊ पहाटेची लोकल पकडून कल्याण, डोंबिवली नाहीतर ठाण्याला कामाला जातो आणि शेत आई-वडिलांच्या अंगावर असतं. मोठी कामं रविवारी उरकायची, बाकीचा आठवडा घरचे सांभाळतात. आमचंही तसंच. दोन वर्षांपूर्वी उन्हाळी भेंडीत फळ पोखरणारी अळी दिसली म्हणून मी रविवारी इमामेक्टिन बेंझोएट मारलं, वहीत तारीख लिहिली आणि सोमवारी पहाटे कामावर गेलो. भेंडी तर एक दिवसाआड तोडावीच लागते. मंगळवारी वडिलांनी नेहमीसारखा तोडा केला. त्यांची चूक नाही, मी सांगितलंच नव्हतं. माल बाहेरदेशी पाठवणाऱ्याचा माणूस आला, त्याने वही मागितली, दोन तारखा बघितल्या आणि क्रेट तिथेच ठेवून निघून गेला.

त्या औषधाच्या लेबलवर भेंडीसाठी फवारा आणि तोडा यांच्यात 5 दिवसांचं अंतर लिहिलेलं आहे. आम्ही दोनच दिवसांनी तोडलं. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोला 0.01 मिलिग्रॅम एवढीच मुभा असते, म्हणून तो माणूस वही तपासतो. पण मला खरी चुटपुट दुसरीच लागली. तोच माल डोंबिवलीच्या भाजीवाल्याकडे गेला असता तर कुणी वही मागितली नसती. तिथल्या आईने ती भेंडी चिरून पोराच्या डब्यात दिली असती. माल आम्ही खड्ड्यात टाकला.

नोंद नव्हती असं नाही. नोंद होती, वही खुंटीला टांगलेली होती. पण वही वाजत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. शेतीसाठी नवीन अ‍ॅप विकत घेण्याआधी मोबाइलमध्ये फुकट असलेलं कॅलेंडर वापरा, आणि ते घरातल्या सगळ्यांमध्ये एकच ठेवा. गुगल कॅलेंडरमध्ये ‘शेत’ नावाचं वेगळं कॅलेंडर काढता येतं आणि घरच्यांच्या ईमेलवर वाटता येतं. वेगळं कॅलेंडर काढण्याचं काम कॉम्प्युटरवर करता येतं, नंतर सगळं मोबाइलवर चालतं. आता मी पंप धुण्याआधी त्यात नोंद टाकतो: ‘भेंडी, वरचा तुकडा, शुक्रवारपर्यंत तोडा बंद’. मराठीत, बोलून टाकतो, टाइप करायची गरज नाही. आदल्या संध्याकाळी वडिलांच्या फोनवर आठवण वाजते. नेट असताना नोंद एकदा त्यांच्या फोनवर उतरली की नंतर वाडीत रेंज नसली तरी वाजते. हे मी मुद्दाम दोन-तीनदा तपासून बघितलंय, कारण आमच्याकडे रेंजचा काही भरवसा नाही.

सहायक कृषी अधिकारी आणि सल्लागार मंडळींना एक विनंती. डोस सांगता तेव्हा थांबायचे दिवसही सांगा, आणि शक्य असेल तर शेतकऱ्याला तिथल्या तिथे मोबाइलवर नोंद टाकायला लावा. चिठ्ठीवर औषध आणि प्रमाण असतं, दिवस बहुतेक वेळा नसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं की झालं, असं बरेच जण म्हणतात. मीही तेच करायचो. पण सकाळी टाकलेला मेसेज दुपारपर्यंत शुभेच्छा आणि व्हिडिओंच्या खाली गाडला जातो. व्हॉट्सअ‍ॅप बोलायला चांगलं, तारीख सांभाळायला नाही.

कॅलेंडरने सगळं सुटतं असं मात्र समजू नका. पाच दिवस तोडा थांबला की भेंडी जून होते, दोन तोडे हातचे जातात. जून झालेली फळं तरी तोडून टाकावीच लागतात, नाहीतर झाड पुढे नीट लागत नाही. ते नुकसान कॅलेंडर भरून देत नाही. फायदा एवढाच की आता फवारा तोड्याच्या दिवशी संध्याकाळी, माल निघाल्यावर बसवतो, आणि अळी खरंच तेवढी आहे का हे आधी बघतो. गेल्या हंगामात एक फवारा त्यामुळेच टळला. कामगंध सापळ्यात पतंग मोजायची आठवणही दर तीन दिवसांनी तिथेच लावली आहे.

ईमेलचं थोडक्यात सांगतो, पण ते कमी महत्त्वाचं नाही. आपल्यातल्या कित्येकांचा ईमेल अर्ज भरताना केंद्रावरच्या मुलाने बनवलेला असतो. पासवर्ड त्याच्याकडे, आपल्याला पत्ताही आठवत नाही. ठिबकच्या एका अर्जात माझं असंच झालं, कागद मागणारा मेल कुणीच उघडला नाही. त्यात आणखी एक गोष्ट: दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल बंद करून पुसून टाकू शकतं, हा नियम 2023 च्या डिसेंबरपासून लागू आहे. तेव्हा आजच बघा, अर्जावरचा ईमेल उघडतो का. नसेल तर स्वतःचा काढा, स्वतःच्या नंबरवर, आणि अर्जावर तो बदलून घ्या. माती परीक्षण, पावत्या, अर्जाच्या पोच यांना एकेक लेबल लावून ठेवा. सहा महिन्यांनी शोधताना सापडतात.

खरीप पीक विम्याची 31 जुलै आणि 1 ऑगस्टच्या आसपास सुरू होणारी ई-पीक पाहणी मी आत्ताच टाकून ठेवली आहे, दहा दिवस आधीच्या आठवणीसह. या तारखा सरकत असतात, म्हणून जाहीर झाल्या की दुरुस्त करायच्या. मुदत वाढेल म्हणून थांबणाऱ्यांची केंद्रावरची रांग आपण सगळ्यांनी बघितली आहे.

वडील अजून वही लिहितातच, आणि मी ती बंद करायला सांगणार नाही. मालवाल्याला वहीच लागते. फक्त आता वहीत लिहून झालं की ते विचारतात, "मोबाइलमध्ये टाकलंस का रे?"