टाच धरली, तर पोर खेळेल

फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांचा जीव की प्राण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. हंगाम आला की शाहू स्टेडियम गच्च भरते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावे लहान पोरांनाही पाठ असतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तेव्हापासून आपल्या पोरानेही खेळात नाव काढावे, असे वस्तीतल्या कितीतरी आईबापांना वाटू लागले. ही चांगलीच गोष्ट आहे.

परंतु मैदानाच्या कडेला उभे राहिले की एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. नवे कोरे बूट घालून आलेले पोर अर्ध्या तासात बाहेर येऊन बसते. मोजा काढावा तर टाचेची साल निघालेली. दोन दिवस ते येत नाही, मग आठवडाभर येत नाही, आणि पुढे येणेच बंद होते. घरचे म्हणतात, “पोराला खेळाची आवडच नाही.” आमचे स्पष्ट मत आहे की दोष पोराचा नसून बुटाच्या टाचेचा असतो.

याचे पहिले कारण आपल्या खिशात आहे. सदरा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, ही आपली जुनी रीत. दोन वर्षे चालावा म्हणून बूटही एक-दोन नंबर मोठाच घेतला जातो. सदरा ढगळ झाला तर बाही दुमडता येते. बूट दुमडता येत नाही. पाय आत पुढे-मागे सरकतो, प्रत्येक पावलाला टाच वर उचलली जाते आणि मागच्या कडेवर घासते. घामाने ओली झालेली कातडी असे घासणे फार वेळ सोसत नाही.

दुसरे कारण पायाच्या घडणीत आहे. आपली पोरे अनवाणी किंवा चपलेत वाढतात. अशा पायाचा चवडा पसरट होतो. बाजारातले बरेचसे बूट अरुंद फर्म्यावर बनतात. चवडा आवळतो म्हणून दुकानदार मोठा नंबर काढून देतो. चवडा मोकळा होतो, पण टाच सैल पडते. आपल्या कोल्हापुरी चपलेत टाच मोकळीच असते; पाय धरतात ते अंगठा आणि पट्टा. बुटाचे उलटे आहे. तिथे टाच धरली गेली पाहिजे आणि बोटे मोकळी राहिली पाहिजेत. एवढा फरक ध्यानात आला की निम्मे काम झाले.

खरेदी करताना काय करावे? संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. निघण्यापूर्वी पोराला भिंतीला टाच लावून कागदावर उभे करावे आणि दोन्ही पायांची लांबी मोजावी. दोन्हींत जो मोठा, तो धरावा. नंबरावर विसंबू नये. एका कंपनीचा पाच दुसरीच्या पाचाशी जुळेलच असे नाही. खेळायचा मोजा घालूनच बूट घालून पाहावा. नाडी बांधण्याआधी टाच जमिनीवर दोन-तीनदा मागे ठोकावी, म्हणजे ती वाटीत नीट बसते. नाडी बांधल्यावर पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा उरली तर पुरे. मग पोराला चवड्यावर उभे करावे. टाच बुटातून वर निघाली, तर तो बूट कितीही स्वस्त असो, घेऊ नये. बुटाची मागची वाटी बोटाने दाबून पाहावी. ती लगेच चेपत असेल तर टाच धरणार नाही.

बूट आधीच घेतला असेल तर? लांबी बरोबर असून टाच थोडी सैल असेल, तर आधी नाडीकडे पाहावे. शेवटच्या भोकातून गेलेली नाडी त्याच बाजूला परत आत घालून छोटा फासा ठेवावा. दोन्ही बाजूंना असे करून प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओढावे आणि मग गाठ मारावी. घोटा आवळला जातो आणि टाच मागे बसते. तेवढ्याने भागले नाही तर बुटाच्या जिभेखाली पातळ फोम लावावा. तो पाय मागे ढकलतो. टाचेखाली जाड गादी मात्र घालू नये. त्याने टाच वाटीच्या वर येते आणि अधिकच निसटते.

एकाच जागी टोचत असेल तर कोपऱ्यावरच्या गटई कामगाराकडे जावे. आतली शिवण ठोकून सपाट करणे, कडक जागा मऊ करणे, वाटीच्या दोन्ही अंगांना कातड्याची पातळ पट्टी लावणे हे त्याच्या हातचे काम आहे. अशा कारागिराला त्याचे मोल द्यावे. घासाघीस करू नये.

स्केटिंग शिकणाऱ्या पोरांच्या पालकांनीही हेच ध्यानात ठेवावे. बर्फावर हॉकी खेळणारेही स्केट घेताना आधी टाच पाहतात; काही स्केट तर तापवून पायाच्या आकाराचे करून घेतात. पण नंबरच मोठा असेल तर तापवूनही उपयोग होत नाही.

फोड आला तर तो फोडू नये. स्वच्छ धुऊन, झाकून, बरा होईपर्यंत खेळ थांबवावा. पू झाला किंवा लाली पसरू लागली तर डॉक्टरांना दाखवावे. आणखी एक गोष्ट. साधारण आठ ते पंधरा या वयात, साल गेलेली नसतानाही टाच दुखू शकते. टाचेचे हाड वाढत असते आणि धावण्याचा ताण त्यावर पडतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर पोर कळवळले, लंगडू लागले, तर “नाटक करतोय” म्हणू नये. विश्रांती द्यावी, सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. हे दुखणे बहुधा वाढीबरोबर जाते.

आता खर्चाचे काय? दरवर्षी नवे बूट घेणे आपल्याला परवडत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक मंडळाने एक नोंदवही घालावी. पाय वाढल्याने लहान झालेले, पण वाटी शाबूत असलेले बूट धुऊन, उन्हात वाळवून जमा करावेत. त्यावर पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहावी आणि गरजू पोरापोरींना हंगामापुरते द्यावेत. पोरींना हे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण भावाचे जुने ढगळ बूट बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक फुटबॉलपटू अनवाणी खेळले. आज नियमानेच बूट सक्तीचा आहे. तो सक्तीचा असेल, तर तो पायात बसलाही पाहिजे. ढगळ नव्या बुटापेक्षा मापाचा जुना बूट बरा. पोराला खेळ सोडायला सांगण्यापूर्वी, वाचकहो, एकदा त्याचा मोजा काढून टाच पाहा.