तडजोड अवश्य करावी. परंतु हिशेब मांडून

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रस्त्यावरील अपघातात जायबंदी झालेल्या माणसाला तर आप्तेष्ट ती हमखास ऐकवतात. वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे टाळावेत, विमा कंपनी देईल ते घेऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा सल्ला असतो. त्यातील पहिला भाग समजण्यासारखा आहे. दुसरा मात्र घातक आहे.

वकिलाविना तडजोड करणे म्हणजे आडवाटेने जाणे नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि भरपाईविषयीच्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या. त्यांनुसार अपघाताची माहिती मिळाल्यावर विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने विहित मुदतीत तडजोडीचा प्रस्ताव द्यावयाचा असतो. जखमी व्यक्तीने तो स्वीकारल्यास दावा न्यायाधिकरण त्याची नोंद करते व त्यानंतर ३० दिवसांत रक्कम द्यावी लागते. प्रस्ताव नाकारला, तर न्यायाधिकरण सुनावणीची तारीख देते. म्हणजे ‘नाही’ म्हटल्याने दावा बुडत नाही. वाटाघाटीतील हे सर्वांत मोठे बळ पुष्कळांना ठाऊकच नसते.

धोका ‘हो’ म्हणण्यात असतो. चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देण्याची तरतूद कलम १६४ मध्ये आहे. विमा कंपनीच्या प्रस्तावाच्या मार्गाने ही रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. रुग्णालयाचे देणे डोक्यावर असलेल्या कुटुंबाला अडीच लाख हा आकडा मोठा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच सहीपूर्वी हिशेब मांडावयास हवा.

एक उदाहरण कल्पू या. ३८ वर्षांच्या, महिना २०,००० रुपये मिळविणाऱ्या वायरमनचा उजवा हात अधू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की डॉक्टरी दाखल्यावरील अपंगत्वाचा टक्का आणि कमाईच्या क्षमतेतील घट या भिन्न गोष्टी आहेत. जखमीचा व्यवसाय पाहावा लागतो. ही घट ३० टक्के धरू. वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारीसाठी भावी वाढीचे ४० टक्के मिळविल्यास ३,३६,००० रुपये. त्याचे ३० टक्के १,००,८०० रुपये. सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या निर्णयानुसार ३६ ते ४० या वयोगटाचा गुणक १५. गुणाकार होतो १५,१२,००० रुपये. औषधोपचार, उपचारकाळात बुडालेली मजुरी आणि सोसलेल्या वेदना यांची भरपाई याहून निराळी.

हे गणित हाती असलेला माणूस एकटा बसला तरी विमा अधिकाऱ्यासमोर असहाय नसतो. मात्र उपचार पूर्ण होऊन अपंगत्वाचा दाखला मिळेपर्यंत अंतिम तडजोडीवर सही करू नये. त्याच वेळी, दावा दाखल करण्यास कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, याचाही विसर पडू नये. प्रथम दावा दाखल करावा, मग बोलणी करावीत, हा क्रम शहाणपणाचा. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तिच्यावर अपील नाही, हेही लक्षात असावे.

उत्पन्नाचा पुरावा हा अशा दाव्यांचा कणा होय. रोखीने कमावणाऱ्याला आपली कमाई सिद्ध करणे कठीण जाते. नियमित भरणा दाखविणारे पासबुक तेथे मूकपणे साक्ष देते. आपल्या शाखांतील कर्मचाऱ्यांनी छोट्या व्यावसायिकांना हे आवर्जून सांगावे.

किरकोळ दुखापतीत स्वतः बोलणी करणे सर्वस्वी रास्त आहे. परंतु कायमचे अपंगत्व आले असेल किंवा चुकीचा दोष जखमीच्याच माथी मारला जात असेल, तर एकटेपणाचा हट्ट धरू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.

कोर्टाची पायरी टाळता आली तर जरूर टाळावी. परंतु हिशेबाची पायरी गाळून केलेली तडजोड पुढे आयुष्यभर पुरी पडत नाही.