सायनसची डोकेदुखी : आधी निदान, मग औषध

कपाळ जड झाले, नाक चोंदले, डोके दुखू लागले, की घरोघरी एकच निर्णय होतो : ‘सायनस आहे.’ मग वाफ, बाम आणि औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली गोळी. महिन्याभराने पुन्हा तेच. आश्चर्य असे की, पैचा हिशेब तपासून घेणारी कुटुंबेही हा निर्णय मात्र कधी तपासून घेत नाहीत.

सायनस हा मुळात रोगच नव्हे. कपाळ, गाल व नाकामागील हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात; त्यांना सायनस म्हणतात. त्यांचा स्राव नाकात उतरण्याची वाट सुजेने बंद झाली की चेहऱ्यावर दाब जाणवतो. पण तेव्हा एकटे डोके दुखत नाही. नाक बंद होते, घट्ट पिवळसर-हिरवा स्राव येतो, वास मंदावतो, कधी तापही येतो. यांपैकी काहीच नसेल, तर संशय अर्धशिशीकडे वळला पाहिजे. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणून आलेल्या, पण जंतुसंसर्गाची चिन्हे नसलेल्या सुमारे ३००० रुग्णांपैकी ८८ टक्के रुग्णांची लक्षणे अर्धशिशीची ठरली.

फसगत होते, कारण अर्धशिशीतही नाक वाहते आणि डोळ्यांना पाणी येते. मात्र तिच्यात ठणका असतो, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही. दिवाळीच्या गर्दीत दुपारचे जेवण चार वाजेपर्यंत लांबविणाऱ्या व्यापाऱ्याचे डोके सायंकाळी ठणकू लागले, तर त्याचे मूळ नाकात शोधण्यात अर्थ नाही. तिची औषधे निराळी आहेत.

खरा सायनसदाह बहुधा विषाणूजन्य सर्दीतून येतो व आपोआप ओसरतो. दहा दिवसांनंतरही उतार नसेल किंवा बरे वाटून पुन्हा बिघडले, तरच प्रतिजैविकांचा विचार होतो. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा उपयोग होतो. पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे, आणि ते जैन घरात तयारच असते. नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपलीकडे वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते. त्रास बारा आठवडे टिकला, तर कान-नाक-घसातज्ज्ञ दुर्बिणीने तपासतात, गरजेनुसार सीटी स्कॅन करवितात आणि नाकात मारावयाचा स्टिरॉइडचा फवारा देतात. वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस घेणाऱ्याला कालांतराने त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते.

डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा मान ताठली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.