एक रात्र की एक हंगाम?

डेन्मार्कमधील व्होयेन्स या लहानशा गावी १३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिक याने मोटरसायकल स्पीडवेचे जागतिक विजेतेपद सहाव्यांदा मिळविले. ऑस्ट्रेलियाचा ब्रेडी कर्ट्झ त्या हंगामाच्या उत्तरार्धात एकामागून एक फेऱ्या जिंकत त्याच्या अगदी जवळ येऊन ठेपला होता. अखेरची बेरीज झाली तेव्हा दोघांत अवघ्या एका गुणाचे अंतर उरले. या एका गुणाने झ्मार्झलिक दोन जुन्या नावांच्या पंक्तीला जाऊन बसला. न्यूझीलंडचा आयव्हन मेजर याने १९६८ ते १९७९ या काळात सहा विजेतेपदे मिळविली होती आणि स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने १९९४ ते २००५ या काळात तितकीच. आता कोष्टकाच्या शिरोभागी तीन नावे आहेत आणि तिघांपुढे एकच आकडा आहे. साहजिकच या तिघांत श्रेष्ठ कोण, हा वाद सुरू झाला. झ्मार्झलिकचे वय त्या वेळी अवघे तीस असल्याने वादाचा निकाल त्याच्या बाजूने लागल्यातच जमा आहे, असेही पुष्कळांना वाटू लागले.

हा निकाल इतक्या सहजासहजी लागण्यासारखा नाही. १९६० सालचे शंभर रुपये आणि आजचे शंभर रुपये यांची तुलना कोणी नुसत्या आकड्यावरून करीत नाही. मधल्या काळातील भावपातळी लक्षात घेतल्याशिवाय त्या तुलनेला अर्थ नसतो, हे महिन्याच्या पगारात घर चालविणाऱ्या कोणत्याही कारकुनाला ठाऊक असते. खेळाच्या बाबतीत मात्र हे व्यवहारज्ञान बाजूला पडते. स्पीडवेच्या इतिहासात तर विजेतेपद मोजण्याचे मापच मध्यंतरी मुळापासून बदलले आहे.

आपल्याकडे हा खेळ फारसा परिचित नाही, म्हणून दोन शब्द त्याविषयी. अंडाकृती, भुसभुशीत मार्गावर चार स्वार चार फेऱ्या मारतात. गाड्या ५०० सी.सी.च्या, मेथॅनॉलवर चालणाऱ्या. त्यांना ब्रेक नसतात आणि शर्यतीत गिअर बदलण्याची सोय नसते. वळणावर वेग कमी करण्याऐवजी मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरू देऊन गाडी आडवी करीत वळण काढावयाचे, हेच या खेळातले कौशल्य. शर्यत सुमारे एका मिनिटात संपते. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक आणि चौथ्यास भोपळा. १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियात रुजलेला हा खेळ १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये पोहोचला आणि १९३६ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्या पहिल्याच वर्षी मापाचा घोळ पुढे आला होता. ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन त्या रात्रीच्या आपल्या पाचही शर्यती जिंकला, तरी विजेतेपद लायोनेल व्हॅन प्राग याच्याकडे गेले. कारण आधीच्या फेऱ्यांतील कामगिरीचे जादा गुण अंतिम बेरजेत धरण्यात आले होते. एका रात्रीचा पराक्रम मोठा की वर्षभराचे सातत्य मोठे, हा प्रश्न या खेळाच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेला आहे.

पुढे, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाल्यापासून १९९४ पर्यंत, १९८७ चा अपवाद वगळता, विजेता एका दिवसात ठरत असे. पात्रता फेऱ्यांची लांबलचक शिडी चढून सोळा स्वार अंतिम स्पर्धेत यावयाचे, प्रत्येकाने पाच शर्यती धावावयाच्या, जास्तीत जास्त पंधरा गुण. प्रत्यक्ष धावण्याचा वेळ मोजला तर सारा हिशेब पाच-सहा मिनिटांचा. त्यात इंजिन बिघडले, सुरुवातीची फीत वर जाताना क्षणभर उशीर झाला, शेजारचा स्वार अंगावर आला, तर ते वर्ष बुडाले. दोघांचे गुण सारखे झाले तर आणखी एक शर्यत आणि तीवर विजेतेपद.

या पद्धतीने कोणाचे किती नुकसान केले, हे पाहावयाचे तर डेन्मार्कच्या हान्स नील्सनकडे पाहावे. त्याच्या नावावर १९८६, १९८७, १९८९ आणि १९९५ अशी चार विजेतेपदे आहेत. यांपैकी १९८७ ची अंतिम स्पर्धा ॲमस्टरडॅम येथे अपवाद म्हणून दोन दिवस चालली होती; १९९५ हे तर नव्या, हंगामभर चालणाऱ्या पद्धतीचे पहिलेच वर्ष. म्हणजे मोजण्याची मुदत जेव्हा जेव्हा वाढली, तेव्हा तेव्हा नील्सन वर आला. याउलट १९८५ मध्ये ब्रॅडफर्ड येथे, १९८८ मध्ये व्होयेन्स येथे आणि १९९४ मध्ये पुन्हा व्होयेन्स येथे तो इतरांबरोबर बरोबरीत आला आणि निर्णायक शर्यतीत हरला. पहिल्या दोन खेपांना त्याचाच देशबंधू एरिक गुंडरसन जिंकला, तिसऱ्या खेपेस टोनी रिकार्डसन. तीन शर्यती, सुमारे तीन मिनिटे. ती तीन मिनिटे वेगळी गेली असती तर कोष्टकाच्या शिरोभागी आज नील्सन सात विजेतेपदांसह एकटा असता आणि रिकार्डसन पाचांवर थांबला असता. श्रेष्ठत्वाच्या या वादात नील्सनचे नाव क्वचितच घेतले जाते, हा कोष्टकावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचा परिणाम होय.

स्वीडनच्या ऊवे फुंदिनचीही गोष्ट अशीच. १९५६ ते १९६५ अशी सलग दहा वर्षे तो पहिल्या तिघांच्या बाहेर गेला नाही. एका रात्रीच्या जुगारात दहा वर्षे पहिल्या तिघांत राहणे ही गोष्ट जवळपास अविश्वसनीय आहे. तरी विजेतेपदे पाचच. त्यांतील एक, १९६० चे, निर्णायक शर्यतीने त्याला दिले, तर १९५७ चे तशाच शर्यतीने त्याच्याकडून काढून न्यूझीलंडच्या बॅरी ब्रिग्जला दिले. नशिबाने फुंदिनशी निदान हिशेब तरी चोख ठेवला. नील्सनशी तेवढाही ठेवला नाही.

१९९५ पासून ग्रां प्री पद्धत आली. आता वर्षभर निरनिराळ्या देशांत फेऱ्या होतात, त्यांचे गुण एकत्र केले जातात आणि बेरीज ज्याची मोठी तो जगज्जेता. आरंभी अशा सहा फेऱ्या होत्या, २०२५ मध्ये दहा होत्या. या बदलाचा परिणाम साध्या गणिताने दाखविता येतो. समजा, एक स्वार आपल्या प्रतिस्पर्ध्याला दहापैकी सहा वेळा हरवू शकतो. एकाच रात्रीचा सामना असेल तर त्याच्या विजयाची शक्यता दहात सहा इतकीच राहील. नऊ रात्रींच्या सामन्यात अधिक रात्री कोण जिंकतो असे विचारले तर ती दहात सातांच्या वर जाईल. फेऱ्या वाढल्या की नशिबाचा वाटा कमी होतो आणि गुणवत्तेचा वाटा वाढतो. म्हणून नव्या पद्धतीतील विजेता हा त्या वर्षीचा खरोखरीच सर्वोत्तम स्वार असण्याचा संभव अधिक. झ्मार्झलिकच्या सहा विजेतेपदांत योगायोगाने पदरात पडलेले एकही नाही, असे त्याचे चाहते म्हणतात ते या अर्थाने योग्यच आहे.

परंतु हेच गणित उलट बाजूने वाचले तर मेजरचा पराक्रम अधिक मोठा ठरतो. ज्या पद्धतीत उत्तम स्वारालाही एखाद्या वर्षी हरण्याची भीती फार, त्या पद्धतीत मेजरने १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षे बाजी मारली. तीही गोथेनबर्ग, वेम्बली आणि व्रोत्स्वाफ अशा तीन देशांतील तीन वेगळ्या मैदानांवर. एखाद्या स्वाराला दर वर्षी जिंकण्याची निम्मी संधी आहे असे उदारपणे धरले, तरी सलग तीन वर्षांची संधी आठात एक इतकी उतरते. शिवाय १९७१ मध्ये तो दुसरा आला, १९७२ मध्ये पुन्हा पहिला आणि १९७३ मध्ये पुन्हा दुसरा. १९७३ ची अंतिम स्पर्धा पोलंडमधील खोझूफ येथे झाली. प्रचंड गर्दीसमोर मेजर आणि पोलंडचा येझी श्चाकिएल बरोबरीत आले आणि निर्णायक शर्यतीत मेजर पडला. पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला तो असा. सहा वर्षांनी त्याच खोझूफमध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या मेजरने आपले सहावे विजेतेपद घेतले.

दोन पद्धतींतील फरक झ्मार्झलिकच्याच एका अनुभवाने स्पष्ट होतो. २०२३ च्या हंगामात व्होयेन्सच्या फेरीत नियमात न बसणारा पोशाख घातल्याबद्दल त्याला बाद करण्यात आले. संपूर्ण फेरी त्याच्या हातून गेली आणि त्याची आघाडी एकदम घटली. तरीही तोरून येथील अखेरच्या फेरीत त्याने विजेतेपद राखले. शिक्षा योग्य होती की अवास्तव कडक, हा मुद्दा निराळा. ती कडक होती असेच म्हणावे लागेल. मुद्दा इतकाच की, एक रात्र संपूर्ण गमावूनही नव्या पद्धतीत जगज्जेता होता येते. मेजरच्या काळी ती एक रात्र गमावणे म्हणजे वर्ष गमावणे होते.

तथापि झ्मार्झलिकच्या बाजूनेही एक गोष्ट मांडली पाहिजे, आणि ती त्याच्या सहा विजेतेपदांपेक्षा अधिक वजनदार आहे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ताय वॉफिंडनमागे तो दुसरा आला. २०१९ व २०२० मध्ये पहिला, २०२१ मध्ये आर्तेम लागुतामागे दुसरा आणि २०२२ ते २०२५ अशी चारही वर्षे पहिला. आठ हंगामांत तो दुसऱ्या क्रमांकाच्या खाली उतरलेला नाही. हंगाम लांबला की नशिबाचा त्रास कमी होतो हे खरे, पण दुखापतीचा धोका वाढतो, इंजिने टिकवावी लागतात, निरनिराळ्या मातीशी जुळवून घ्यावे लागते. रिकार्डसनलाही इतके अखंड सातत्य दाखविता आले नाही. लांब हंगामाच्या मापाने मोजावयाचे तर झ्मार्झलिकच्या पुढे कोणाचे नाव घेणे कठीण आहे.

या मापातही एक खोट आहे, ती दडवून ठेवणे बरे नव्हे. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन स्वारांना जागतिक स्पर्धेतून बाहेर ठेवण्यात आले. त्यांत आदल्या वर्षी झ्मार्झलिकला हरविणारा लागुता होता. तो निर्णय योग्य की अयोग्य हा राजकारणाचा विषय. पण बाजारातून एक मोठा प्रतिस्पर्धी बाहेर गेला की उरलेल्या विक्रेत्याचा वाटा वाढतो, आणि त्या वाढीचे सारे श्रेय त्याच्या मालाला देता येत नाही. २०२५ मध्ये कर्ट्झ एका गुणापर्यंत येऊन भिडला, तेव्हा स्पर्धा पुन्हा खरी झाली. झ्मार्झलिकच्या शेवटच्या चार विजेतेपदांपैकी सर्वांत मोलाचे म्हणूनच हे निसटते विजेतेपद मानावे लागेल. प्रतिस्पर्ध्याच्या उंचीवरून विजयाची किंमत ठरते, अंतरावरून नव्हे.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक नोंद आवश्यक आहे. मेजरच्या काळी या खेळाचा पैसा आणि दर्जा इंग्लंडमधील लीगमध्ये एकवटलेला होता. मेजर न्यूझीलंडहून इंग्लंडला गेला तो यासाठीच. त्या काळी साम्यवादी राजवटीखालील पोलंडच्या स्वारांना परदेशी लीगचे दार पाश्चात्त्यांइतके मोकळे नव्हते. आज चित्र नेमके उलट झाले आहे. इंग्लंडमधील अनेक मैदाने बंद पडली, आणि पोलंडच्या एक्स्ट्रालीगमध्ये जगातील उत्तम स्वार पगारावर धावतात. झ्मार्झलिकला जगातील सर्वांत कसदार शाळा घराजवळच मिळाली. गोझूफच्या संघात तो घडला आणि पुढे लुब्लिनच्या संघाकडून धावू लागला. पन्नास वर्षांपूर्वी जन्मता तर याच गुणांचा माणूस कदाचित देशापलीकडे फारसा ठाऊकही झाला नसता.

तेव्हा तिघांच्या नावापुढील सहाचा आकडा एकच असला तरी त्याचे मोल एक नाही. मेजरचे सहा हे सहा रात्रींचे आहेत. रिकार्डसनचे एक रात्रीचे आणि पाच हंगामांचे. दोन्ही मापांनी उतरलेला त्या तिघांत तो एकटाच, ही गोष्ट त्याच्या बाजूने कधी पुरेशी मांडली जात नाही. झ्मार्झलिकचे सहाही हंगामांचे आहेत, आणि त्यांतही २०२० पासून प्रत्येक फेरीचे गुण देण्याची रीत बदलल्यामुळे २०१९ ची बेरीज निराळी पडते. एका रात्रीत सर्वस्व पणाला लावून पुन्हा पुन्हा जिंकण्याचा प्रश्न असेल तर मेजरच्या जवळपास कोणी नाही. वर्षानुवर्षे न ढळता वरच्या जागी राहण्याचा प्रश्न असेल तर झ्मार्झलिक पहिला. सातवे विजेतेपद मिळाले तर कोष्टकातील क्रम बदलेल; १९७३ च्या खोझूफच्या रात्री मेजरने काय पणाला लावले होते, त्याचा हिशेब मात्र त्या कोष्टकात यावयाचा नाही.