तंगीचा आपद्धर्म

न्हाणीघराची गळती खालच्या बिऱ्हाडापर्यंत पोचली म्हणजे दुरुस्ती लांबणीवर टाकता येत नाही. कोणी शिक्षक अथवा कारकून ४०,००० रुपयांच्या फरशा पसंत करतो आणि दुकानदार सवयीने विचारतो, ‘‘पक्के बिल करू की कच्चे?’’ पक्क्या बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ७,२०० रुपये. कच्च्या चिठ्ठीवर काहीच नाही. घरी मुलाचे शुल्क भरावयाचे असते, आईची औषधे आणावयाची असतात. ग्राहक क्षणभर घुटमळतो आणि म्हणतो, ‘‘कच्चेच करा.’’ या व्यवहाराला चोरी म्हणण्यास त्याची जीभ धजत नाही. शेजारीपाजारीही त्याला चोर म्हणत नाहीत. पण हा विषय इतक्या सहज संपावा काय?

तंगी खोटी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पगार महिन्यातून एकदा येतो आणि खर्च रोज दारात उभा असतो. त्यातही पगारदाराचा आयकर पैसे हातात पडण्यापूर्वीच कापला जातो, तर व्यापारी वा व्यावसायिक आपले उत्पन्न स्वतःच जाहीर करतो. ही विषमता मनाला लागते. ओढाताणीच्या संसाराला पोट भरलेल्याने नीतीचे पाठ द्यावेत, यासारखे हास्यास्पद काही नाही. प्रश्न तंगी आहे की नाही हा नव्हेच. तंगी माणसाला नेमकी कशाची मोकळीक देते, हा आहे.

कर वाचविणे आणि कर बुडविणे यांत कायद्याने रेषा आखली आहे आणि ती नीतीलाही मान्य होण्यासारखी आहे. सवलत कायद्यानेच दिली असेल तर ती घेण्यात लाजण्याचे कारण नाही. वडिलांच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या मुलाने त्यांना खरोखर भाडे दिले आणि त्यांनी ते आपल्या विवरणपत्रात दाखविले, तर त्यात वावगे काही नाही. परंतु एक पैही न देता बारा पावत्या एका बैठकीत लिहावयाच्या, प्रत्येकीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट चिकटवावयाचे आणि वडिलांची सही घ्यावयाची, हा प्रकार निराळा. येथे नुसते पैसे वाचत नाहीत. येथे असत्यावर सही होते, आणि तीही बहुधा घरातील सर्वांत आदरणीय माणसाची.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे आपद्धर्म. हा शब्द आपल्या परंपरेत पोरकटपणे वापरलेला नाही. महाभारताच्या शांतिपर्वात त्याची दीर्घ चर्चा आहे. दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र एका झोपडीतून कुत्र्याचे मांस चोरू पाहतो, ती कथा तेथलीच. पण तेथे संकट प्राणांवरचे आहे, दुसरा मार्ग उरलेला नाही, आणि संकट सरताच सूटही सरते. ज्याच्या घरी खरोखर चूल पेटत नाही, त्याला कोणीही दोष देऊ नये. मात्र अशा माणसाच्या हाती भाडेपावत्या नसतात आणि तो फरशांच्या दुकानातही जात नाही. दर वर्षी ठरलेल्या महिन्यात येणारी आपत्ती ही आपत्ती नव्हे. तो रिवाज झाला.

या युक्तिवादाची एक कसोटी अलीकडेच लागली. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत, काही विशिष्ट प्रकारचे उत्पन्न वगळता, १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर द्यावा लागत नाही. पगारदाराला ७५,००० रुपयांच्या प्रमाण वजावटीमुळे ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. अनेक घरांतून पावत्यांच्या पुस्तकाचे प्रयोजनच संपले. बुडवेगिरीचे कारण केवळ तंगी असते, तर एवढ्या सवलतीनंतर कच्च्या चिठ्ठीची ओढही ओसरावयास हवी होती. पण दुकानदाराचा तो प्रश्न आजही ऐकू येतो, आणि त्याचे उत्तरही बदललेले नाही.

कच्च्या चिठ्ठीचा हिशेब ग्राहक समजतो तेवढा लहान नसतो. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या कराची रचना साखळीसारखी आहे. कारखानदार, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार यांपैकी प्रत्येकाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. म्हणून प्रत्येकाला आपल्या मागच्याकडून पक्के बिल हवे असते. स्वार्थच येथे पहारा करतो. फक्त शेवटच्या कडीला, घरात वापरासाठी माल नेणाऱ्या ग्राहकाला, अशी वजावट नाही. त्याने बिल मागण्यात त्याचा पैशाचा लाभ नाही. म्हणजे एवढी अवाढव्य यंत्रणा शेवटी उभी आहे ती गल्ल्यासमोर उभ्या असलेल्या साध्या नागरिकाच्या सद्सद्विवेकावर. त्याने ‘कच्चेच करा’ म्हटले की त्याचे ७,२०० रुपये वाचतात. पण दुकानदाराची ती सबंध विक्रीच वहीबाहेर राहू शकते आणि तिच्यावरील नफा आयकरालाही चुकवितो. बड्या करबुडव्यांच्या नावाने बोटे मोडणारा ग्राहक अशा रीतीने स्वतःच्या हाताने एक करबुडवा पोसत असतो.

मग हा तुटलेला पैसा भरतो कोण? ज्याच्याजवळ लपविण्यासारखा कागदच नाही, तो. शेतमजूर बाई चपलांचा जोड घेते तेव्हा कर किमतीतच मिसळलेला असतो; तिला ना वजावट, ना पावती, ना लेखापाल. महाराष्ट्राने या नात्याची दुसरी बाजूही पाहिली आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील कारकुनाच्या पगारातून दरमहा चार पैसे कापले जात आणि खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या हातांना मजुरी मिळे. मागेल त्याला काम देण्याची हमी कायद्यात लिहिणारे हे राज्य पगारदारांच्या खिशाच्या आधारावर ते धाडस करू शकले. कर म्हणजे केवळ सरकारचा वसुलीचा हात नव्हे, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. अनुदानित शाळेतील शिक्षकाने तर हे विसरूच नये. त्याचे स्वतःचे वेतन त्याच तिजोरीतून येते.

‘सरकार तरी पैसा नीट कोठे खर्च करते?’ हा यानंतरचा आक्षेप. तो पुष्कळदा खरा असतो. परंतु त्याचा निष्कर्ष चुकतो. अन्याय्य कराला विरोध करण्याची रीत या देशाला ठाऊक आहे. १९२८ साली बार्डोलीच्या शेतकऱ्यांनी सुमारे २२ टक्के वाढविलेला शेतसारा भरण्यास नकार दिला, तो उघडपणे. वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली त्यांनी जमिनींच्या आणि गुराढोरांच्या जप्त्या सोसल्या. पुढे चौकशी समितीने ही वाढ जेमतेम ६ टक्क्यांवर आणली. त्यांनी जमिनीचे आकडे खोटे लिहिले असते, तर त्यांचे पैसे कदाचित वाचले असते. बार्डोली मात्र घडली नसती. उघड नकार राज्यकर्त्याला उत्तर देण्यास भाग पाडतो. चोरटी पळवाट त्याला उत्तरातून मोकळे करते, आणि पळणाऱ्याचे तोंडही बंद करते. खोटी पावती दिलेला माणूस खड्ड्यांच्या रस्त्याबद्दल जाब विचारताना मनातून चाचरतो.

याचा अर्थ शासनाचे सर्व काही क्षम्य आहे, असा नाही. १९७३-७४ साली आयकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता, आणि वांच्छू समितीने त्यापूर्वीच, अतिरेकी दर हे करचुकवेगिरीचे प्रमुख कारण असल्याचा इशारा दिला होता. नागरिकाला अप्रामाणिकपणाकडे ढकलणारा कर लावणे हाही राज्यकर्त्यांचा अपराधच. शुल्क आणि औषधोपचार यांचा भार संसाराला पेलेल असा ठेवणे, बड्यांना हात लावण्याचे धैर्य दाखविणे, हे शासनाचे ऋण आहे. ते वसूल करण्यासाठी संघटना आहेत, सभा आहेत, मतपेटी आहे. दुकानातील गल्ला ही त्याची जागा नव्हे.

फरशा बसविल्या जातात, गळती थांबते. घरातील मुलगा मात्र दुकानात बापाशेजारी उभा असतो आणि ‘कच्चेच करा’ हे शब्द ऐकत असतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्याने कर्तव्यांचा धडा पाठ केलेला असतो. त्या धड्याचा खरा अर्थ त्याला तेथे कळतो. संसाराच्या ताळेबंदात ७,२०० रुपये जमेकडे दिसतात. मुलाच्या मनात त्याच वेळी जे खर्ची पडले, त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.