शिकू नका, असे सांगणारा ग्रंथ

(द्वितीय वर्ष, कला)

‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाचे नाव निघाले की शांती, मौन, वैराग्य हे शब्द आपोआप तोंडी येतात. माझ्या मते हा त्या ग्रंथावर अन्याय आहे. ८१ छोटी प्रकरणे, सुमारे ५,००० चिनी अक्षरे. आणि त्यांतला बराच उपदेश संन्याशाला नव्हे, राज्यकर्त्याला केलेला आहे.

परंपरा सांगते की, चौ राजांच्या दप्तरखान्यातील लाओ त्से राज्याची अवनती पाहून पश्चिमेकडे निघाला आणि सीमेवरच्या नाकेदाराने आग्रह केला म्हणून त्याने हा ग्रंथ लिहून दिला. इ. स. पूर्व १०० च्या सुमारास ही कथा नोंदवणाऱ्या स्स-मा छ्येन या इतिहासकारालाही लाओ त्से नेमका कोण, याची खात्री नव्हती. १९७३ साली मावांगत्वे येथील थडग्यात रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या. त्यांत ‘ते’चा भाग आधी आणि ‘ताओ’चा नंतर आहे. १९९३ साली क्वोत्येन येथे मिळालेल्या बांबूच्या पट्ट्या त्याहूनही जुन्या, इ. स. पूर्व ३०० च्या आसपासच्या. पण त्यांत आजच्या ग्रंथाचा सुमारे दोन पंचमांशच मजकूर आहे. तेव्हा हा ग्रंथ एका बैठकीत, एकाच हाताने लिहिला गेला असे मानणे कठीण आहे.

तो काळ राज्याराज्यांतील अखंड युद्धांचा. म्हणूनच ‘वू वेइ’ म्हणजे आळस नव्हे. सत्तेने अट्टाहास सोडावा, हा त्याचा अर्थ. पाणी सखल जागी जाते, पण त्याच्यापुढे खडक टिकत नाही. चाक चालते ते मधल्या पोकळीमुळे. प्रजा उपाशी राहते, कारण वरचे लोक कराच्या रूपाने तिचे धान्य खातात, असेही हा ग्रंथ निर्भीडपणे सांगतो.

मात्र हाच ग्रंथ विद्या सोडा म्हणजे चिंता मिटेल, असे म्हणतो. आणि ६५ व्या प्रकरणात तर प्रजेला शहाणे न करणाऱ्या जुन्या राजांची स्तुती करतो. येथे मला थांबावे लागते. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ज्याचे पोट भरले आहे त्याने उपास करावा, त्यात पुण्य आहे. उपाशी माणसाला उपासाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. विद्येचा त्याग आधी विद्या मिळालेल्यालाच शोभतो.

या उपदेशात तथ्य नाही असे नाही. चार पुस्तके वाचून बापाच्या बोलण्यातल्या चुका काढणारी विद्या सोडलेलीच बरी. पण मित्रहो, त्या कथेतला नाकेदार विसरू नका. शहाणा माणूस गप्पपणे निघून चालला होता. याने त्याला अडवून म्हटले, जाण्यापूर्वी लिहून द्या. कथा खरी असो वा नसो, मी त्या नाकेदाराच्या बाजूचा आहे.