गल्ला भरलेला, तिजोरी रिती

दीपावलीस वहीपूजन झाले की व्यापारी कुटुंबात वर्षाच्या हिशेबाची उजळणी होते. येणे किती, देणे किती, शिल्लक माल किती, याचा पै-पैचा मेळ घातला जातो. त्याच घरातील एक वही मात्र सहसा उघडली जात नाही. ती म्हणजे हाडांची. घरातील ज्येष्ठ श्राविका न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि तेव्हा उमगते की ते खाते कित्येक वर्षे तुटीत चालले होते. घरचे चकित होऊन म्हणतात, "गेल्याच वर्षी रक्त तपासले होते, कॅल्शियम तर बरोबर होते!"

या उद्गारातच गैरसमजाचे मूळ आहे. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडे व दात यांत असते. रक्तातील वाटा अत्यल्प. परंतु हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे आकुंचन त्या अल्प साठ्यावर अवलंबून असल्यामुळे शरीर तो कमी पडू देत नाही. रक्तातील पातळी किंचित घसरताच गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात आणि हाडांतील कॅल्शियम रक्तात आणले जाते. रक्त हा दुकानाचा गल्ला, तर हाडे ही तिजोरी. गल्ल्यात रोकड पुरेशी दिसते, कारण ती तिजोरीतून भरली जात असते. म्हणून रक्ताचा अहवाल निर्दोष असला, तरी त्यावरून हाडांची ग्वाही देता येत नाही.

हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. काही पेशी जुने हाड झिजवितात, तर काही नवे घडवितात. साधारण तिशीपर्यंत जमा अधिक असते. पुढे खर्च वाढतो. स्त्रियांमध्ये झिजविणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा अंकुश असतो. रजोनिवृत्तीनंतर तो सुटतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. अमेरिकन वैद्य फुलर अल्ब्राइट यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभीच हा संबंध दाखवून दिला होता. पुरुषांचे खाते हळूहळू घटते, पण घटते निश्चित.

आता जमेची बाजू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. २०० मिलिलीटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम, तर १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. पालकात कॅल्शियम असले तरी त्यातील ऑक्झॅलेटमुळे फारच थोडे अंगी लागते. शिवाय एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक घेतल्यास शोषणाचे प्रमाण घटते. चौविहार पाळणाऱ्यांनी म्हणूनच सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन वेळांत त्याची विभागणी करावी.

शोषणासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते आणि त्वचेत ते तयार होण्यास ऊन लागते. दिवसभर पेढीवर बसणारा व्यापारी आणि स्वयंपाकघरात वावरणारी गृहिणी, दोघेही त्यास पारखे होतात. काचेच्या तावदानातून आलेले ऊन यासाठी उपयोगी पडत नाही.

तिसरा भागीदार आतड्यात आहे. तेथील जिवाणू अन्नातील न पचलेल्या तंतूंपासून काही आम्ले तयार करतात. त्यामुळे मोठ्या आतड्यात कॅल्शियम विरघळण्यास व शोषले जाण्यास मदत होते. कांदा-लसूण वा कंदमुळे वर्ज्य असली म्हणून तंतूंची उणीव भासण्याचे कारण नाही. मूग, मटकी, हरभरा, कोंड्यासह पीठ, ज्वारी, गवार आणि फळे यांतून ते भरपूर मिळतात. मात्र जिवाणूंच्या महागड्या पुड्यांच्या मागे लागण्याचीही घाई नको. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वर्षे वयाच्या स्त्रियांना एका विशिष्ट जिवाणूची मात्रा वर्षभर दिल्यावर त्यांच्या नडगीच्या हाडाची झीज कमी झाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्याच जिवाणूचा नुकतीच रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांवर दोन वर्षे प्रयोग केला असता लाभ आढळला नाही, हे २०२४ मध्ये स्पष्ट झाले.

गोळ्या घ्याव्या लागल्यास वेष्टनावरील मजकूर अवश्य वाचावा. काही कॅल्शियम शिंपल्यांपासून काढलेले असते, पुष्कळशा कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते आणि 'ड३' बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनते. शाकाहारी पर्याय उपलब्ध आहेत. औषध-विक्रेत्याकडे ते मागावेत.

तिजोरीची खरी मोजदाद डेक्सा तपासणीने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार 'टी-स्कोअर' उणे २.५ वा त्याहून खाली असल्यास हाडे ठिसूळ झाली असे मानतात. रजोनिवृत्तीनंतर ही तपासणी केव्हा करावी, हे वैद्यांना विचारावे. हाडे विरळ झाली असल्यास दीर्घ तपश्चर्येपूर्वीही त्यांचा सल्ला घ्यावा. घरातील जी स्त्री सर्वांना वाढून शेवटी जेवते, तिच्या वाट्याला दुधाचा पेला व नाचणीची भाकरी उरते की नाही, हे कुटुंबातील कोणीतरी रोज पाहिले पाहिजे. दुकानातील तूट पुढच्या हंगामात भरून निघते. साठीनंतर मोडलेला खुबा मात्र अनेकांना पूर्वीसारखे चालू देत नाही.